झोटवाड्याचं जेल

दुधावर साय धरते तसे कामाच्या जागेवर किस्से धरतात. कुणी मुद्दाम धरायला जात नाही. गॅस बंद करून जरा थांबलं की आहेच वर जाड थर! आमच्या लॅबचं तर असं झालंय की सुट्टीत सांगलीला गेले की मैत्रिणी "कशी आहेस?" असं विचारतच नाहीत. सरळ म्हणतात, "हं, सांग, या वेळी काय झालं?"

तर आधी थोडी ओळख करून देते. जयपूरच्या झोटवाड्यात, एका बाजूला फॅब्रिकेशनवाला आणि दुसऱ्या बाजूला पॅकिंगच्या खोक्यांचा कारखाना, यांच्या मधे आमची छोटीशी कंपनी आहे. आम्ही हायड्रोजेल बनवतो. म्हणजे पाणी पिऊन फुगणारा आणि ते पाणी धरून ठेवणारा मऊ, पारदर्शक पदार्थ. बाळांच्या डायपरमध्ये तोच असतो, डोळ्यांत घालायच्या मऊ लेन्स त्याच्याच असतात. आम्ही त्यापासून भाजलेल्या जखमेवर लावायच्या पट्ट्या बनवतो. थंडावा देतात, जखमेला चिकटत नाहीत, आणि आरपार दिसतं, त्यामुळे जखम बघायला सारखी पट्टी सोडावी लागत नाही.

माणसं मोजकीच. सक्सेना सर म्हणजे मालक, शास्त्रज्ञ आणि सदैव काळजीत असलेला माणूस. शेखावतजी जवळच्याच चौमूं गावचे, भरघोस मिशांचे. हॉस्पिटलांत जाऊन डॉक्टरांशी बोलणं हे त्यांचं काम. पराग नागपूरचा, केमिस्ट. आणि मी.

*

मी जयपूरला नवी आले तेव्हा सोडाल्यात एका आंटीजींच्या घरी वरची खोली भाड्याने घेतली. आंटीजींनी पहिल्याच दिवशी विचारलं, "बेटा, काम कहां करती हो?"

माझं हिंदी तेव्हा सांगलीतून नुकतंच उतरलेलं. मी म्हटलं, "झोटवाड़ा में, आंटीजी. जेल का काम है."

आंटीजींनी मला लगेच बसायला खुर्ची दिली. त्या दिवसापासून गल्लीत माझा मान एकदम वाढला. भाजीवाला आपणहून कोथिंबीर देऊ लागला. खाली स्कूटर आडवी लावणारा शेजारी मला बघितलं की स्कूटर सरळ करायचा. मला वाटलं, काय चांगली माणसं आहेत ही राजस्थानची!

मग एका रविवारी एक गृहस्थ मिठाईचा डबा घेऊन वर आले. हात जोडून म्हणाले, "मॅडम, भतीजा अंदर है. लड़का बुरा नहीं है. जरा मिलवा दीजिए."

माझ्या डोक्यात उजेड पडायला थोडा वेळ लागला. पडला तेव्हा मी डब्यासकट त्यांना खाली आंटीजींकडे घेऊन गेले आणि सगळं समजावून सांगितलं. जेल म्हणजे तुरुंग नव्हे. जेल म्हणजे पाणी धरणारा पदार्थ. त्याच्यात पाणीच पाणी असतं. भाजलेल्या माणसाला लावतात. आंटीजींनी मन लावून ऐकलं, मान डोलावली. मला बरं वाटलं.

जिना चढताना मागून त्यांचा आवाज आला. त्या गृहस्थांना हळूच सांगत होत्या, "है तो जेल में ही. पर पानी के विभाग में है."

*

सक्सेना सरांना एक खोड आहे. कुणालाही काहीही समजावायचं असलं की त्यांना उदाहरण लागतं आणि ते उदाहरण खायचं असतं.

एकदा अनुदानाच्या कामासाठी एक मोठे अधिकारी लॅब बघायला येणार होते. रसायनशास्त्राशी त्यांचा संबंध शाळेतच संपलेला. सर विचार करकरून हैराण. शेवटी त्यांनी घेवर मागवला. घेवर म्हणजे इथली श्रावणातली मिठाई, तुपात तळलेली जाळीदार चकती, पाकात घोळलेली.

अधिकारी आले. सरांनी घेवर हातात धरून सुरुवात केली. "सर, ही जी जाळी आहे ना, ती म्हणजे आमच्या पॉलिमरच्या साखळ्या. आणि हा भोकाभोकांत अडकलेला पाक म्हणजे पाणी. दाबलं तरी सगळं बाहेर येत नाही. जाळी जितकी दाट, तितकं जेल घट्ट."

अधिकाऱ्यांनी एक तुकडा मोडून बघितला. मग तो खाल्ला. मग दुसरा मोडला. सर बोलत राहिले, जाळी संपत राहिली. जखमेतला ओलावा कसा राखला जातो इथपर्यंत सर आले तेव्हा ताटलीत फक्त पाक उरला होता.

अधिकाऱ्यांनी रुमालाने बोटं पुसली आणि गंभीरपणे म्हणाले, "सक्सेनाजी, सब समझ में आ गया. बस एक बात बताइए. ये मलाईवाला भी बनता है क्या?"

सर म्हणाले, "जी सर, कोशिश करेंगे."

प्रश्न जेलबद्दल होता की घेवरबद्दल, हे सरांना आजतागायत कळलेलं नाही.

*

परागचा पहिला आठवडा.

आमच्याकडे एक पांढरी पावडर असते. दिसायला पिठीसाखर, पण चमचाभर टाकली तर तांब्याभर पाणी पिऊन टाकते आणि त्याचा लिबलिबीत लगदा होतो. खूप वाहणाऱ्या जखमांच्या पट्टीत ती घालता येईल का, यावर काम चाललं होतं. परागच्या हातून तिची अख्खी पिशवी मोरीजवळ सांडली.

आता नागपूरचा स्वच्छ मुलगा! त्याने काय करावं? कुणी बघायच्या आत साफ करू म्हणून नळाला पाइप लावला आणि जमिनीवर पाणी सोडलं.

मी आवाज ऐकून गेले तर हा दारात उभा. हातात पाइप, आणि समोर घोट्याएवढी उंच, थरथरणारी पांढरी जेली. मोरी तुडुंब. जेली हळूहळू पॅसेजकडे निघालेली.

"अरे, पाणी बंद कर!"

"मॅडम, मले वाटलं अजून थोडं टाकलं की वाहून जाईल. पण हे तं पिऊनच राहिलं न बाप्पा!"

सर धावत आले. त्यांनी एका नजरेत सगळं ओळखलं आणि ओरडले, "नमक लाओ! नमक!" कारण मीठ घातलं की ही पावडर प्यालेलं पाणी सोडून देते आणि लगदा बसतो. पराग बाणासारखा सुटला. आमच्याकडे कॅन्टीन नाही. जवळचं दुकान बंद. गेटबाहेर गोलगप्पेवाल्याची गाडी तेवढी उभी होती. पराग त्याचा काळ्या मिठाचा मसाला डब्यासकट उचलून घेऊन आला!

सरांनी एकदा डब्याकडे बघितलं, एकदा जेलीकडे. म्हणाले, "डाल दो."

आणि खरंच सांगते, जेली बसली. पाणी सुटलं, मोरी वाहू लागली. फक्त नंतर बरेच दिवस आमच्या लॅबला जिरं, पुदिना आणि काळ्या मिठाचा असा काही वास यायचा की दुपारी तोंडाला पाणी सुटावं.

त्यातच स्वच्छतेची तपासणी आली. तपासणीसाने दारातच नाक उचललं. दोनतीनदा हुंगलं. मग कपाळाला आठ्या घालून विचारलं, "आप लोग लॅब में खाने की चीजें रखते हैं?"

सर घाईघाईने म्हणाले, "जी नहीं सर, बिलकुल नहीं! वो तो नाली की खुशबू है."

*

माझे आईबाबा सांगलीहून महिनाभर राहायला आले होते. जयपूरच्या उन्हात गॅलरीतली झाडं करपतात म्हणून मी कुंडीच्या मातीत मिसळायला हायड्रोजेलचे मणी आणले होते. पाण्यात टाकले की फुगतात आणि मग मुळांना हळूहळू पाणी देत राहतात. सकाळी एका वाडग्यात भिजत घातले आणि कामावर गेले.

नेमकी त्या दिवशी चतुर्थी!

अकराच्या सुमारास आईचा फोन. "काय गं, तुमच्या जयपूरचा साबुदाणा कसला म्हणायचा हा? वाडग्यातून पातेल्यात काढला, पातेल्यातून कुकरमध्ये काढला. फुगायचा थांबेचना!"

मी खुर्चीवरून उठलेच. "आई! खाल्ला नाहीस ना?"

"मी कशी खाईन? अजून शिजलाच नाही. दाण्याचं कूट घातलं, जिऱ्याची फोडणी दिली, झाकण ठेवून वाफ काढली. टचटचीत तो टचटचीतच. तुझे बाबा म्हणाले, बघू, एक चावून बघतो..."

"बाबांना देऊ नकोस! आई, तो साबुदाणा नाहीये!"

"अगं, ते कुठलं चावतायत! त्यांच्या बोटांतून सटकला तो भिंतीवर आपटला, तिथून पंख्यावर गेला. आता ते स्टुलावर चढून शोधतायत."

मी सगळं सोडून घरी पळाले. कुणी काही खाल्लं नव्हतं, देवाची कृपा. त्यानंतर असले मणी मी घरात आणायचेच बंद केले. बाबांना पंख्यावरचा मणी सापडला होता, आणि ते तो उन्हात धरून कौतुकाने बघत होते. आई मात्र दाण्याच्या कुटाबद्दल हळहळत होती. शेवटी कुंडीत घालायचे म्हणून आणलेत तर घाल, वाया कशाला, असं म्हणून तिने मला फोडणीसकट ते कुंडीत घालायला लावलं.

सांगलीत परत गेल्यावर तिने सगळ्या नातेवाइकांत सांगितलं, "पोरगी शिकली, मोठी शास्त्रज्ञ झाली. पण तिकडे झाडांना खिचडी घालते हो!"

*

आता शेखावतजींचा किस्सा. हा खुद्द त्यांना सांगायला फार आवडतो, आणि दर वेळी त्यातलं ऊन वाढत जातं.

सरांनी फार मेहनतीने एक वेगळं जेल बनवलं होतं. थंड असताना ते पाण्यासारखं पातळ. पण शरीरात गेलं की अंगच्या उष्णतेने घट्ट होतं. म्हणजे खोल, वेड्यावाकड्या जखमेत इंजेक्शनने भरायचं, ते कानाकोपऱ्यात जाऊन बसेल आणि तिथेच जमेल. सरांच्या आयुष्यातली सगळ्यात लाडकी गोष्ट.

ते सर्जन लोकांना दाखवायचं ठरलं. मे महिना. जेल बर्फाच्या डब्यात ठेवून शेखावतजींच्या ताब्यात दिलं. शेखावतजी गाडीने निघाले, वाटेत ट्रॅफिकमध्ये अडकले. गाडीचा एसी बंद. जवळ घरून आणलेली छाछची, म्हणजे ताकाची, बाटली. जयपुरी मे महिन्यात छाछ आंबायला कितीसा वेळ लागतो? त्यांनी विचार केला की जेल काय, रसायन आहे, त्याला काय होतंय! जेल काढून सीटवर ठेवलं आणि छाछ बर्फात ठेवली.

सर आणि मी आधीच पोचलो होतो. हॉस्पिटलच्या खोलीत सगळे सर्जन बसलेले. सरांनी छान भाषण केलं. "हे द्रव आहे. पाण्यासारखं वाहतं. फक्त शरीराच्या उष्णतेलाच जमतं." मग सिरिंज उचलली आणि दांडा दाबला.

काही येईना.

सरांनी अजून दाबला. मग दोन्ही हातांनी दाबला. तेव्हा सुईच्या जागेतून एक लांबलचक शेवई बाहेर आली, हवेत जरा लोंबली आणि मुख्य सर्जनांच्या चष्म्याच्या डबीवर गोल गोल बसली.

मुख्य सर्जन शेवईकडे बघत म्हणाले, "आप तो कह रहे थे, शरीर में जाकर जमेगा?"

सरांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. रडायचं बाकी होतं. एवढ्यात शेखावतजी उठले, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "साहब, इसमें जेल की क्या गलती? बाहर की गरमी देखिए. इसने जयपुर को ही मरीज समझ लिया!"

*

ईशा आमच्याकडे प्रोजेक्टसाठी आली होती. आडनाव देशपांडे, पण जन्म जयपूरचा. वडील विमा कंपनीत, बदली होऊन आले ते इथेच राहिले. घरात मराठी, बाहेर हिंदी, त्यामुळे तिचं मराठी एका पायात चप्पल घातल्यासारखं चालतं.

इथल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात आम्हाला आमच्या कामाबद्दल बोलायला बोलावलं. ईशा म्हणाली, "मी बोलेन ना ताई. मतलब, मला प्रॅक्टिस होऊन जाईल."

स्टेजवर तिने छान सुरुवात केली. जेल कसं फुगतं ते पेल्यात दाखवलं. टाळ्या झाल्या. मग तिला सांगायचं होतं की अशा जेलमध्ये औषध भरून शरीरात ठेवलं तर ते थोडं थोडं बाहेर येत राहतं, रोज टोचावं लागत नाही. तिने माइक घट्ट धरला आणि म्हणाली, "हा जेल शरीरात गेला, की तो हळू हळू सगळे औषध सोडून देतो!"

पुढच्या रांगेत सप्रेकाका बसले होते, बँकेतून निवृत्त झालेले. बी.पी., शुगर, गुडघे, सगळं असलेले. ते ताडकन उभे राहिले. "मुली, जेलचं राहू दे. मला आधी सांग, हे सगळं औषध सोडायला त्याने नेमकं काय केलं?"

*

आणि हा रझिया आपांचा.

रझिया आपा लाखेच्या बांगड्या करतात. निखाऱ्यांवर लाख मऊ करायची, हाताने वळायची आणि गरम असतानाच त्यात बारीक आरसे बसवायचे. पिढ्यान् पिढ्यांचं काम. एक दिवस शेगडी कलंडली आणि त्यांचा डावा हात मनगटापासून बोटांपर्यंत भाजला. भाजला म्हणजे चांगलाच.

आमची पट्टी खऱ्याखुऱ्या जखमेवर लावायला तेव्हा नुकतीच परवानगी मिळाली होती, आणि पहिल्या काही पेशंटांत रझिया आपा होत्या. पट्टी लावताना मी तिथे होते. त्यांनी दुखतंय म्हटलं नाही, रडल्या नाहीत. डॉक्टर मॅडमना एकच विचारत राहिल्या, "उंगलियां मुड़ेंगी ना?" मॅडम म्हणाल्या, "कोशिश पूरी करेंगे." आपांनी मान फिरवून भिंतीकडे बघितलं. बांगडी वळायला दोन्ही हात लागतात.

बऱ्या होऊ लागल्यावर त्यांना घरी सोडलं. भाच्याने अधूनमधून हाताचा फोटो काढून मोबाइलवर पाठवायचा, असं ठरलं. पहिले फोटो चांगले आले. आम्ही ते मोठे करकरून बघायचो.

मग एका सकाळी डॉक्टर मॅडमचा सरांना फोन. आवाज कडक. "फोटो भेजा है, देखिए. आपकी पट्टी पर कुछ उग आया है."

फोटो हललेला, अंधुक. पण दिसत होतं. पारदर्शक पट्टीवर जागोजागी ठिपके. पांढरे, चमकणारे, रांगेने वर चढत गेलेले.

पराग हळूच म्हणाला, "क्रिस्टल बनून राहिले का हो सर?" सरांनी फोटो अजून मोठा केला. पट्टीतलं काही बाहेर येत असलं तर त्या बाईचा हात जाणार. आमच्या कामाचं पुढे काय होईल, हे तर कुणी तोंडातून काढलंच नाही. शेखावतजींनी गाडी काढली. एरवी रस्ताभर बोलणारा माणूस, पण त्या दिवशी हॉर्नसुद्धा वाजवला नाही त्यांनी.

आम्ही पोचलो तर डॉक्टर मॅडम तपासणीच्या खोलीत तयार उभ्या. थोड्या वेळाने रझिया आपा आल्या. अंगावर जरीचा झगमगीत दुपट्टा, डोळ्यांत सुरमा. डावा हात दुपट्ट्याखाली.

"हाथ दिखाइए," मॅडम म्हणाल्या.

आपांनी हात बाहेर काढला आणि खिडकीतलं ऊन एकदम छताला जाऊन लागलं. पट्टीवर आरसे होते. बांगड्यांत बसवतात ते, तांदळाएवढे. मनगटापासून निघालेली वेल, तिला पानं, पानांमध्ये लाल मणी. एवढं सुबक की आम्ही सगळे बघतच राहिलो.

"ये किसने किया?"

"मैंने ही. गोंद से चिपकाया है, ऊपर ऊपर." आपा जरा ओशाळल्या. "भांजी की शादी है."

मॅडमने पट्टीची कड अलगद उचलली. खाली वाकून बघितलं. मग अजून थोडी उचलली आणि सरांना जवळ बोलावलं. आत कोवळी, गुलाबी कातडी. पू नाही, लाली नाही, काही नाही.

"मुट्ठी बंद कीजिए."

आपांनी बोटं मिटली. हळूहळू मिटली, पण पूर्ण मिटली. भिंतीवर सगळीकडे उजेडाचे ठिपके हलले.

सर स्टुलावर बसले. चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले. मग त्यांना एकदम राग आला. आम्ही किती घाबरलो, ही औषधाची पट्टी आहे, दागिना नाही, असं कुणी करतं का, वगैरे ते भरभर बोलत सुटले.

रझिया आपांनी सगळं मान खाली घालून ऐकून घेतलं. सर थांबल्यावर त्यांनी वर बघितलं.

"साहब, एक बात कहूं? बुरा मत मानना."

"कहिए."

"एक दूसरे हाथ के लिए भी दे दीजिए. शादी का घर है. एक हाथ सूना अच्छा नहीं लगता."